आडवी घातलेली सायकल

कपडे शिवून सायकलवरून घरोघर पोचवणाऱ्या आत्याला अख्खी गल्ली टरकून असे. तिनं क्रेडिट कार्डावर सायकलला नवीकोरी चाकं घेतली आणि आठवड्यातच एक चोर शेजारच्या म्हातारीची पर्स हिसकावून मोटारसायकलवरून सुटला. आत्यानं मागचापुढचा विचार न करता सायकल त्याच्या आडवी घातली. चोर तोंडावर आपटला, पर्स परत मिळाली, पण पुढच्या चाकाचा पार आठाचा आकडा झाला.

कार्डावरच्या खरेदीला विम्याचं संरक्षण होतं, म्हणून भाच्यानं बँकेला फोन लावून दिला.

"अपघात झाला ना, मावशी?" तिकडच्या माणसानं विचारलं.

"अपघात कसला? मुद्दाम घातली मी सायकल."

"मुद्दाम म्हणालात तर दावा बाद होईल. नुसतं अपघात म्हणा, भरपाई मिळेल."

भाच्यानं हात जोडले. आत्याचा पारा आणखीच चढला.

"वा रे वा! जन्मात एकदा चोर लोळवला, आणि तो चुकून पडला म्हणून सांगू?"

"मग नामंजूर लिहू?"

"खुशाल लिहा. पण कारण गाळू नका."

फोन आपटून तिनं भाच्याला माळ्यावरचं जुनं, गंजलेलं चाक काढायला लावलं.

"बसव हे," ती म्हणाली. "पुढच्या चोराला एवढंही पुरेल."