माव्याची दोन घराणी

आमच्या सर्वण गावात भात कापून झालं की त्याच जमिनीत बाबा अळसांदे लावतात. अळसांदे म्हणजे आमची टपोऱ्या दाण्याची चवळी. खाण बंद पडून माल वाहणारा त्यांचा ट्रक उभा राहिला, तेव्हापासून ते पुरते शेतीला लागले. पहिली दोन वर्षं शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की एक फवारणी पुरायची. पुढे दोन लागायला लागल्या, मग दर आठवड्याला एक. शेवटी औषध मारून दोन दिवस झाले तरी कोवळ्या शेंगांवर तो काळा, चिकट थर तसाच राहायचा. मी तेव्हा कृषी विषयात एम.एस्सी. करत होते. प्रबंधासाठी मी हाच मावा निवडला.

आमचा मावा औषधाला दाद देत नाही, हे सिद्ध करायला ज्याने औषध कधी पाहिलंच नाही असा मावाही हवा होता. तो मिळाला मावशीच्या परड्यात, तिच्या घरामागच्या वाडीत. ही मावशी नात्यातली नव्हे. दोडामार्गाकडून कामाला आलेली, मुळगावात राहणारी, आमच्याकडे लावणी-कापणीला येणारी. तिने परड्यात थोडे अळसांदे लावले होते आणि औषध आणून फवारणं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"लोक ह्येंका मारूक औषध आणतत, आणि तू पोसतस?" मावा पाळायला न्यायचाय म्हटल्यावर तिने विचारलं.

मी तिला भिंग दिलं. एक मादी पिलाला जन्म देत होती. अंडं नाही, नर नाही, जिवंत पिलू, मागच्या पायांनी बाहेर येणारं. मी सांगितलं की आपल्याकडच्या माव्यात सगळ्या माद्याच असतात, लेक हुबेहूब आईसारखी निघते, आणि जन्मतानाच त्या लेकीच्या पोटात तिची लेक वाढायला लागलेली असते. आठवडाभरात तीही आई होते. मावशी बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आवशीक जा सोसता, ता सगळ्यांक सोसता."

माझ्या मार्गदर्शक बाईंनी हीच गोष्ट मला आकृत्या काढून शिकवली होती. काही माव्यांत विष मोडणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात. अशी एक मादी फवारणीतून वाचली की तिच्या सगळ्या लेकी वाचतात.

मी दोन घराणी सुरू केली. बाबांच्या शेतातली एक मादी, मावशीच्या परड्यातली एक मादी. मागच्या पडवीत, मलमल बांधलेल्या काचेच्या ग्लासांत अळसांद्याची रोपं वाढवून त्यांवर मावा सोडला. बाबांच्या ग्लासांना लाल दोरा बांधला, मावशीच्यांना पांढरा. एका घराण्यातला एक किडा दुसऱ्यात गेला तरी सगळं काम वाया जाणार होतं.

तिसऱ्या महिन्यात मला डेंग्यू झाला आणि म्हापशाच्या हॉस्पिटलात राहावं लागलं. बाबा माझ्याजवळ, आई बाबांच्या म्हाताऱ्या आत्येपाशी, तिच्या गावी. रोपांना पाणी कोण घालणार, ही चिंता मी तापातही बोलून दाखवत होते म्हणे. मावशी रोज कामावरून येताना आमच्याकडे यायला लागली. आधी पांढऱ्या दोऱ्याचे ग्लास बघायचे, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मग लाल. हा क्रम तिला कुणी सांगितला नव्हता. गर्दी झाली की पिलांच्या खांद्यांवर पंखांची टोकं दिसायला लागतात, हेही तिने स्वतःच हेरलं. तशी दिसली की ती मावा विरळ करायची, कारण पंख फुटले की तो उडणार.

मी घरी आले त्या दिवशी ती पडवीच्या पायरीवर बसून होती.

"बाय, एक सांगूचा आसा. परवा मांजरान ग्लास पाडले. पांढरे सगळे आणि लाल दोन. मावो एकमेकांत गेलो."

"मग?"

"पांढरे जाळलंय. पडलेले लालय जाळलंय. माका खात्री नाय, मगे ठेवून काय करूचा?"

मला रडू आलं. तीन महिन्यांचं काम होतं ते. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पांढऱ्यांतलो एक ग्लास माझ्या घराक आसा. तू हॉस्पिटलात गेलस त्याच दिवशी न्हेललंय. बियाणा कोण एकाच मडक्यात ठेवता?"

घाईत ते पडलेले ग्लास तिने उचलून पुन्हा दोरे बांधून ठेवले असते, तर मला कधी कळलं नसतं. माझे आकडे चुकले असते आणि का चुकले ते मी शोधत बसले असते. प्रयोगशाळेतल्या शिकलेल्या माणसांनाही असा मोह आवरत नाही, हे मी नंतर पाहिलं आहे.

तिच्या एका ग्लासातून पांढरं घराणं पुन्हा वाढवलं. महिन्याभराने चाचणी घेतली. औषधाच्या पाण्यात बुडवून सुकवलेली पानं बश्यांमध्ये मांडली, त्यांवर मावा सोडला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बशीतला बहुतेक मावा मरून पडला होता. लाल बशीतला रस शोषत होता आणि दोघी-तिघींनी तिथेच पिलंही घातली होती.

बाबांना बोलावून दाखवलं. ते भिंग डोळ्याला लावून उभे राहिले.

"आपल्या शेतातला?"

"हो."

"म्हणजे दर फवारणीला कमजोर मेले आणि हे मी निवडून ठेवले." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "धीट आहे पण किडा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पुढच्या हंगामात त्यांनी ते औषध आणलं नाही. मावशी करायची तसे माव्याने भरलेले शेंडे खुडून टाकायचे, आणि मावा खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे दिसले की त्या ओळीला हात लावायचा नाही, असं ठरवलं. थोडं पीक गेलं. आदल्या वर्षीपेक्षा कमी गेलं.

प्रबंधात आभार लिहिताना मी मावशीचं नाव मार्गदर्शक बाईंच्या लगेच खाली घातलं. बाईंनी विचारलं, हिचं पद काय लिहायचं? मी सांगितलेली हकिगत त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: सहसंशोधक.

ते पान मी मावशीला वाचून दाखवलं. तिने अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाली, "बरा झाला," आणि कारापूरला मिरची लावायला जायचं होतं म्हणून बस पकडायला निघाली.