आजी मागच्या सीटवरून बाजूले आली

मी इथं कधी लिहीत नाही, लाज वाटते. शाळा सोडल्यापासून तर बोलणंच कमी झालं. पण आज सकाळचं सांगतेच.

माझ्या आबांनी चाळीस वर्षं मोटरसायकल चालवली अन् मागं नेहमी आजी. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजीले मागं बसता येत नाही, तर आबाही घरीच बसले. शेवटी त्यांनी मोटरसायकल विकली अन् छत उघडणारी छोटी जुनी कार आणली.

शेजारचे काका हसले, "काहून गा, म्हातारपणी हिरो बनून राहिला?"

आबा म्हणाले, "हिरोईनले हवा पाहिजे होती ना बाप्पा!"

आज सकाळी सावनेरपर्यंत चक्कर मारायले निघालो. आजी लाजत पुढं बसली, मी मागं. सावनेर रोडच्या पहिल्याच वळणावर दोघंही सवयीनं एका बाजूले झुकले, मोटरसायकलवर झुकतात तसे! मी खूप हसली.

मग आजी आबांकडं पाहतच राहिली. "अहो, गाडी चालवताना तुम्ही असे हसत राहता काय? मले तर इतकी वर्षं पाठच दिसली."

 सावनेर आलं तरी आबांनी गाडी थांबवली नाही.

तुमच्या घरी कोणी कोणासाठी असं आवडीचं सोडलं काय? लिहा ना, मी सगळं वाचीन.