हौद्यातला हूक
ड्रिलखाली तापलेल्या लोखंडाचा वास आला की मला पेणचं आमचं अंगण आठवतं. नव्वदच्या दशकात मी आणि बायको जवळच्या जोहे गावच्या गणेशमूर्ती पिकअपमागे ट्रॉली जोडून रोह्याला पोचवायचो. एका वर्षी उतारावर बंपरचा हूक उखडला, ट्रॉली भाताच्या शेतात गेली आणि मूर्तींचा चुरा झाला. पुढच्या हंगामाआधी बायको म्हणाली, "हूक गाडीच्या मागच्या हौद्यात बसवायचा, थेट खालच्या चेसिसला." गॅरेजवाला म्हणाला, "नाय जमायचं." मग हूक गाडीच्या सांगाड्याला जखडायला आम्हीच दोन जाड लोखंडी पट्ट्या आणल्या. मी हौद्यात भोक पाडायला लागलो, ती पदर खोचून गाडीखाली शिरली. "अवो, थांबा. इथं ब्रेकचा पाइप हाय. बोटभर पुढं घ्या." खालून नट तिने धरले, वरून बोल्ट मी आवळले. संध्याकाळी ट्रॉलीत मातीच्या गोणी भरून तिने मला उतारावर करकचून ब्रेक मारायला लावला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. "आता भरा मूर्ती," ती म्हणाली. त्या हंगामात सगळ्या मूर्ती धड पोचल्या. आता आम्ही ते काम करत नाही, पण रस्त्यात पुढे ट्रॉली दिसली की बायको अजून आधी त्या ट्रॉलीचा जोड बघते आणि मगच मला म्हणते, "काढा पुढं."