मुळाशी हलणारी माती

आमच्या आत्याला सगळे भागूबाई म्हणत. पाल दिसली की ही खाटेवर, दार आपटलं की हात छातीवर. अशा बाईला काम मिळालं तेही कागदाच्या गिरणीसाठी वाढवलेल्या झाडांना पाणी आणि खत सोडायचं. दिवसभर त्या उंच, सरळसोट रांगांत एकटीने फिरायचं. मीही तिथेच नळ्या जोडायला होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मुकादम होते आमचे आतोबा, म्हणजे तिचेच यजमान. ती झाडं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ठिबकने रोज पाणी, पाण्यातूनच खत. तिसऱ्या वर्षीच झाडं दुमजली घराच्या वर गेली. कडेच्या एका रांगेला मात्र नळी पुरली नव्हती. ती झाडं आतल्यांच्या निम्मीही वाढली नाहीत. आतोबा त्यांना "सावत्र पोरं" म्हणायचे आणि येईल त्याला आतली झाडं दाखवून मिशीला पीळ द्यायचे.

एका सकाळी वारा सुटला आणि आत्या पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. "चल लवकर. पाय ठेव इथे."

मी एका उंच झाडाच्या बुंध्याशी पाय ठेवला. शेंडा कलला तशी पायाखालची माती किंचित वर उचलली गेली आणि परत खाली बसली. कडेच्या रांगेतही पाय ठेवून पाहिला. तिथली जमीन जराही हलत नव्हती.

"पाणी रोज तोंडाशी मिळतंय गं यांना," आत्या कुजबुजली. "मुळं खाली कशाला जातील?"

आतोबा तोवर टेप घेऊन बुंध्यांचे घेर मोजायला पार मधल्या रांगांत गेले होते. आत्याने काठावरूनच हाका मारल्या. "अहो, बाहेर या! झाडं पडतील!"

"काल भिंत पडणार होती, आज झाडं!" आतून हसण्याचा आवाज आला. "तू आपली घरी जा आणि पालीला भी!"

वारा वाढला. शेंडे एकमेकांवर आपटायला लागले. आत शिरायची तिची हिंमत नव्हती. माझीही नव्हती, खोटं कशाला बोलू? मग एकदम तिने माझ्या हातातला नळ्या कापायचा चाकू हिसकावला आणि खताच्या टाकीपासून निघणारी मोठी नळीच कापली. अंगावर फवारा उडाला.

"अहो, खत वाहून चाललंय! टाकी रिकामी होतेय!"

खताचं नाव काढल्यावर मात्र आतोबा तीरासारखे धावत आले. कापलेली नळी आणि बायकोच्या हातातला चाकू पाहून ते लालबुंद झाले. "डोकं फिरलंय का तुझं?" ते ओरडले, आणि त्यांच्या पाठीमागे मधल्या रांगा एकीवर एक आडव्या झाल्या. टेप तिथेच राहिली होती.

धुरळा बसल्यावर मुळं दिसली. एवढ्या उंच झाडाखाली पायपुसण्याएवढा गड्डा, सगळा ठिबकच्या थेंबाभोवती गोळा झालेला. सावत्र पोरं कडेला उभीच होती.

आतोबा चिखलात मटकन बसले. आत्याला त्यांच्याकडे बघायचीही भीती वाटत होती. चाकू पदराआड लपवत ती म्हणाली, "रागावू नका हं. नळी मी जोडून देते."