आम्ही ज्याला हायवे म्हणतो

रामलिंगाच्या देवळाची पायरी मी तीन वर्षं चढलो नव्हतो. नवा चौपदरी रस्ता झाला, येडशीजवळचा आमचा हायवे बघता बघता गावरस्ता झाला, आणि तेव्हापासून देवाशी माझा अबोला होता. मी सरकारी मैलकुली. रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा राखायचा, खड्डे बुजवायचे, कडेची झाडं सांभाळायची, हे माझं काम. माझे वडीलही याच कामावर होते. निजामाच्या काळात ही मुरमाची सडक होती, असं ते सांगत. पुढं खडी आली, डांबर आलं, सोलापूरहून पार औरंगाबादपर्यंतच्या गाड्या यावरून धावू लागल्या. कारखान्याचा ऊस, तुळजापूरचे भक्त, लग्नांची वऱ्हाडं, सगळं माझ्या तुकड्यावरून गेलं. दोन पिढ्यांच्या घामावर देवानं पाणी फिरवलं, असं मला वाटायचं.

निवृत्त झालो तरी घमेलं-फावडं सुटलं नाही. खड्डा दिसला की मुरूम टाकून चोपायचो. लोक चेष्टा करायचे, "मामा, आता इथनं म्हशीच जायल्यात. त्यांच्यासाठी करता व्हय?" मी म्हणायचो, "म्हशीला बी कंबर असती." कुणी 'जुना रस्ता' म्हणालं, तर मात्र मी तिथंच टोकायचो. हायवे म्हणजे हाच, पलीकडचा तो बायपास. हळूहळू गावाच्या तोंडीही तेच बसलं. त्याचा मला भारी अभिमान होता.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी शेतातून परतताना माझी बायको रस्त्याकडेच्या चिंचेखाली मटकन बसली. अंग घामानं भिजलं होतं. "अवो, छातीत लई दुखायलंय," एवढंच बोलली. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि सांगितलं, येडशीच्या अलीकडं हायवेवर, मोठ्या चिंचेपाशी या. बराच वेळ गेला. मग ड्रायव्हरचाच फोन आला. "मामा, मी हायवेवरच हाय. चिंच कुठं दिसंना." तो बाहेरगावचा माणूस, चौपदरीवर उभा होता. मध्ये दुभाजक, वळून यायला त्याला कितीतरी पुढं जावं लागणार होतं. एका शब्दाचा हट्ट मी धरला होता आणि त्याची किंमत ती मोजत होती. मला स्वतःची लाज वाटली.

मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. आधी तोंडात आली ती फुशारकीच, की मी एवढी वर्षं तुझ्या दारचा रस्ता राखला. पण तिचा चेहरा पाहिला आणि ते बोलणं मी सोडून दिलं. म्हणालो, शिवा, रस्ता तुझा, ही पण तुझीच. माझं इथं काही नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोललो होतो.

तेवढ्यात तेरकडून येणारी एक पिकअप दिसली. चालवणारे पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. काही न विचारता ते खाली उतरले. मागच्या रिकाम्या पोत्यांची गादी केली आणि आम्ही दोघांनी तिला उचलून निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. "बायपासनंच जायचं होतं," गाडी सुरू करता करता ते म्हणाले. "वळणावर हात आपोआप इकडं आला. लई वर्षं ट्रक हाकला ना ह्या सडकेवर." धाराशिवच्या दवाखान्यात तिला आत नेलं, आणि मी वळून पाहतो तो चाचा निघून गेले होते. नावही विचारायचं राहिलं. ते चुकून वळले की कुणी वळवलं, यावर मी वाद घालत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

ती बरी होऊन घरी आल्यावर मी आधी रामलिंगाला गेलो. मागायला काही नव्हतं, नुसता बसून राहिलो. काम आपण करावं. ते कुणाच्या उपयोगी पडेल, हे त्याच्यावर सोडावं, एवढं मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन तिला विचारलं, त्या दिवशी गाडीत फार त्रास झाला का. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाय वो. एक दणका बसला न्हाय. रस्ता तुमी चांगला ठेवलाय." चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाबद्दल ती पहिल्यांदाच काही बोलली होती. मी परसात जाऊन तोंड धुतलं.