मशीनला पासवर्ड बदलायला सांगितला तेव्हा

शिवरंजनीला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. परभणीतल्या ज्या खाजगी हॉस्पिटलात मी लॅबमध्ये रक्त तपासते, तिथं ती कॉम्प्युटर सांभाळायची. तिची खोली जिन्याखाली, ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरांशेजारी. मूळची राणीसावरगावची. वडील बसवेश्वरअप्पांचं तिथं किराणा दुकान. आधी पुण्यात एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करायची. अप्पांची नजर कमी झाली तशी गावाजवळ म्हणून इकडं आली. गळ्यात इष्टलिंग, खांद्याला बॅग, बोलणं तोडून. "पुण्यात 'बंद करून परत चालू करा' एवढंच म्हणत बसले," असं सांगायची. "आता कोणी मला तसं म्हणलं की डोकं फिरतं."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी कंपनीच्या लोकांनी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर नवीन केलं. सोमवारी सकाळी प्रत्येकाला आधी पासवर्ड बदलायला लावला आणि मगच आत घेतलं. डॉक्टर, सिस्टर, काउंटरवरचे लोक, सगळे आत गेले. अक्षरं मोठी, रंग छान. मॅनेजर योगीराज सर खुशीत होते.

पण आमच्या लॅबमधलं मशीनही त्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन करतं. त्याचं स्वतःचं खातं आहे, पासवर्ड आहे. रिपोर्ट तयार झाला की मशीन तो वॉर्डातल्या स्क्रीनवर पाठवतं, माणसाचा हात लागत नाही. आकडा धोक्याचा असला तर वॉर्डात घंटी वाजते. पूर्वी असा आकडा दिसला की मी फोन करायचे. घंटी आहे म्हणून सरांनी ते फोन बंद करायला लावले होते.

त्या दिवशी आयसीयूत चारठाण्याचे चंद्रभान होते. ऊन लागून जुलाब-उलट्या झालेल्या, अंगातलं पोटॅशियम उतरलेलं, म्हणून सलाईनमधून ते चालू होतं. सकाळी त्यांचं रक्त मी मशीनला लावलं. पोटॅशियम भलतंच चढलं होतं. इतकं चढलं की हृदय बंद पडू शकतं. माझ्या स्क्रीनवर 'रिपोर्ट तयार' असं आलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

दुपारी आयसीयूतून निकिता सिस्टरचा फोन आला.

"ताई, चंद्रभान काकांचं पोटॅशियम अजून कमीच दाखवायलंय. पण नाडी लय हळू चाललीय. परत बघता का जरा?"

मी आकडा सांगितला. सलाईन काढा, डॉक्टरांना बोलवा, असं ती ओरडून सांगत असलेलं फोनमधून ऐकू आलं. थोड्या वेळानं त्यांना डायलिसिसला नेलं.

आयसीयूतल्या स्क्रीनवर कालचाच रिपोर्ट होता. नवीन आला नाही म्हणून जुना तसाच राहिला, आणि तारीख खाली मुंगीएवढ्या अक्षरांत.

शिवरंजनी वर आयसीयूत आली, स्क्रीन बघितली, आणि तिचा चेहरा असा झाला की निकिता बाजूला सरकली. कोणाला न विचारता तिनं सगळ्या वॉर्डांतल्या रिपोर्टच्या स्क्रीन बंद केल्या. वॉर्डबॉय सिताराम आणि बजरंगला माझ्याकडं पाठवलं. रिपोर्ट कागदावर काढायचा आणि हातानं नेऊन द्यायचा.

योगीराज सर धावत आले. "या आठवड्यात हॉस्पिटलची तपासणी आहे. कागद घेऊन पळणारे लोक दिसले तर काय म्हणतील?"

"माणूस मेला असता तर काय म्हणले असते?" तिनं विचारलं.

मग तिनं माझ्या टेबलावरूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. आमच्याकडं सगळं व्यवस्थित दिसतंय मॅडम. तुमचा एक यूजर अडकलाय, त्यानं पहिल्यांदा लॉगिन करताना पासवर्ड बदललेला नाही. त्याला सांगा, स्क्रीनवर खिडकी येईल, त्यात नवीन पासवर्ड टाका म्हणावं.

"तो यूजर मशीन आहे. रक्त तपासायचं मशीन."

"हो मॅडम, पण मग ते ज्यांच्या नावावर आहे त्यांना सांगा."

"कोणाच्याच नावावर नाही. तुमच्याच माणसानं ते खातं उघडलेलं आहे. मशीन ती खिडकी वाचणार कसं? टाकणार कशानं?"

तो म्हणाला, एकदा बंद करून परत चालू करून बघा. तिनं फोन ठेवला.

त्या रागातच तिनं मशीनच्या नावानं स्वतः लॉगिन केलं, पासवर्ड बदलला आणि नवीन पासवर्ड लॅबच्या कॉम्प्युटरात भरला. रिपोर्ट जायला लागले. आम्ही हुश्श केलं, तोवर परत बंद. खात्याला कुलूप. तिनं कुलूप काढलं, ते परत लागलं. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं माझा पेनस्टँड उचलून आपटला.

मग तिनं त्या खात्यावर कधी कधी लॉगिन झालं त्याची यादी उघडून खालपर्यंत वाचली. "ताई," ती हळू म्हणाली, "या खात्यावर दुसरंही कोणीतरी जुना पासवर्ड घेऊन दार ठोकायलंय. चुकीचा पासवर्ड सारखा येतोय म्हणून कुलूप लागायलंय. आणि तो पासवर्ड जुना मीच केला. अजून कोण वापरतंय ते न शोधता बदलला."

कंपनीनं बसवताना आळस केला होता. वेगवेगळ्या मशीनांना वेगवेगळी खाती द्यायची सोडून सगळ्यांना एकच दिलं होतं. ती हॉस्पिटलभर फिरली. एक्स-रेचं मशीन सापडलं, औषधांच्या साठ्याचा कॉम्प्युटर सापडला. तरी कुलूप लागतच होतं. शेवटी बंद पडलेल्या लसीकरणाच्या खोलीत, चादरीखाली, एक जुना कॉम्प्युटर चालूच होता. ती खोली कधीची कोणी उघडली नव्हती. तिनं त्याची वायरच उपटली.

प्रत्येक मशीनला वेगळं खातं दिलं, आणि मशीनांच्या खात्यांना पासवर्ड बदलायला सांगायचा नाही, असं कंपनीकडून करून घेतलं. दिवस मावळायच्या आत रिपोर्ट सुरळीत झाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचं म्हणणं होतं की हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यानं पासवर्ड बदलल्यामुळं सेवा बंद पडली. तिनं तेवढं कबूल करावं, म्हणजे विषय संपेल.

"मी बदलला, ते लिहा," शिवरंजनी म्हणाली. "पण तो दुपारी बदलला. रिपोर्ट सकाळपासून बंद होते. मशीनला पासवर्ड विचारला कोणी, कालचा रिपोर्ट आजचा म्हणून दाखवला कोणी, फोन बंद करायला लावले कोणी, तेही लिहा. मग सही करते."

"भांडून काय मिळणार आहे तुला?"

तेवढ्यात चंद्रभानांच्या पत्नी कमलबाई दारात आल्या. मालकांना डायलिसिसला का नेलं, ते कोणी धड सांगेना, म्हणून त्या सगळीकडं विचारत फिरत होत्या. सर म्हणाले, "आजार वाढला होता मावशी, आता धोका न्हाई."

"आजार न्हाई, सलाईनमधलं औषध रक्तात जास्त झालं होतं, अन् आमाला कळलं न्हाई," शिवरंजनी म्हणाली. "मशीनीतून निरोपच निघत नव्हता आणि डॉक्टरांना कालचा रिपोर्ट दिसायला होता. त्याच्या भरवशावर सलाईन चालू राहिलं. चूक आमची हाय."

कमलबाई खुर्चीवर बसल्या. "लिहून द्या," त्या म्हणाल्या, "अन् ज्यानं ते बसवलं त्याला बोलवा." कंपनीचा माणूस येईपर्यंत त्या उठल्या नाहीत. शिवरंजनीलाही त्यांनी सोडलं नाही. तू काय वेगळी, तू बी त्यातलीच, म्हणाल्या.

आता जुना रिपोर्ट असला तर स्क्रीन लाल होते, तारीख मोठी दिसते, आणि धोक्याचा आकडा आला की मी फोन करते. योगीराज सर तिच्याशी कामापुरतंही बोलत नाहीत, चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठी ती माझ्यासमोर फाडते.

चंद्रभानना घरी सोडलं तेव्हा ती जीपपर्यंत गेली. कमलबाईंनी तिच्याकडं बघितलं.

"आता बरोबर सांगायलीय का ती मशीन?"

"सांगायलीय. पण तुमी परत आलात तर तारीख बघत जा."

"आमाला कुठं वाचता येतंय."

"मग सिस्टरला वाचून दाखवायला लावा," शिवरंजनी म्हणाली. "दर वेळी. कटकट केली तरी लावा."