फाइलची मालकीण

जळगावला मी ज्या प्रयोगशाळेत होते, तिथे केळीची टिश्यूकल्चर रोपं तपासायला यायची. रोपांत विषाणू आहे की नाही, एवढंच आम्ही सांगायचो. तो रिपोर्ट दाखवून रोपवाटिका शेतकऱ्यांना रोपं द्यायची. रिपोर्टचं सॉफ्टवेअर माझं. तपासणाऱ्या बाईंनी सही करून बटण दाबलं, की प्रोग्राम त्या फाइलची लिहिण्याची परवानगी काढून घ्यायचा. मग ती नुसती वाचता यायची, बदलता यायची नाही. ही कल्पना मीच सुचवली होती आणि मला तिचा अभिमान होता.

प्रयोगशाळेचे मालक माझ्या नवऱ्याचे मामा. आमचं लग्नही त्यांनीच जमवलेलं. नवरा धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचा, शनिवारी यायचा. मी आणि लेक मामांच्याच घरी, वरच्या मजल्यावर. ऑफिसात ते 'सर', घरी 'मामा'.

एका दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"परवाच्या लॉटचा रिपोर्ट उघडायचाय. रोपवाटिकावाले मागे लागलेत."

"त्याच्यावर सही झाली, सर. आता बदलता येत नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच."

ते हसले. "कॉम्प्युटर दुरुस्तीवाला तर म्हणतो, फाइल ज्याच्या नावावर, तो परवानगी पुन्हा देऊ शकतो. आणि बठ्ठ्या, अगदी सगळ्या फाइली तुझ्याच नावावर आहेत म्हणे."

खरं होतं ते. सुरुवातीला घाईघाईत मी प्रोग्राम माझ्याच लॉगिनमधून चालू केला होता आणि नंतर बदलायचा राहून गेला. त्यामुळे प्रत्येक नवी फाइल माझ्या नावाने जन्माला येत होती.

"त्याच्याकडूनही करून घेतलं असतं," मामा म्हणाले, "पण घरात माणूस असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं? आणि प्रोग्राममध्येच सोय करून ठेव. दर वेळी तुला त्रास नको."

आवाज चढला नाही, धमकी नाही. त्या संध्याकाळी मामींनी वरण-बट्टी वर पाठवली, लेकीसाठी वेगळं तूप. मी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामांना नाही कसं म्हणणार? तूच बघ बाई काय ते."

दोन दिवस मी काहीबाही कारणं सांगितली. सर्व्हर हळू चालतोय, बॅकअप घ्यायचाय. मामा मान हलवायचे आणि तासाभराने खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लिहायला बसले. परवानगी द्यायची, मजकूर बदलायचा, परवानगी काढून घ्यायची. तीन ओळी. कुठेतरी अडावं, लाल अक्षरांत काहीतरी यावं, असं मला वाटत होतं. काही आलं नाही. 'आढळला' होतं तिथे 'आढळला नाही' झालं आणि फाइल पुन्हा बंद झाली. मशीनच्या लेखी मी मालकीण होते. तिने मला का विचारावं?

सोमवारी तपासणाऱ्या बाई फायलीत लावायला छापील प्रत घेऊन बसल्या. त्या साक्रीकडच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणायचे, आमचा डबा एकत्र असायचा. कागद त्यांनी दोनदा वाचला आणि थेट माझ्याकडे आल्या. चिडल्या की त्या अहिराणीवर यायच्या.

"सही मन्ही शे. पन हाई मी लिखेल नही."

सही त्यांची होती, पण मजकूर त्यांनी लिहिलेला नव्हता. मी म्हणाले, "मी बदललं, अक्का. सरांनी सांगितलं म्हणून."

"तुला कोणी धरून बसवलं होतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याच टेबलावरचा फोन उचलला आणि रोपवाटिकेला लावला. "रिपोर्ट चुकीचा गेलाय. त्या लॉटमध्ये विषाणू आहे. एकही रोप बाहेर काढू नका." पलीकडचा माणूस काहीतरी ओरडत होता. रोपं अजून शेडमध्येच होती, गाडी दुपारी भरायची होती. अक्कांनी त्याच्याकडून तीनदा कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे फोन ठेवला. मग केबिनमध्ये गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि ड्रॉवर रिकामा करू लागल्या. त्यांच्याबरोबर उठावं, असं मला वाटलं. मी त्यांची पिशवी धरायला हात पुढे केला; त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

त्या दिवशीच मी त्या तीन ओळी पुसल्या. मामांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "पावसात हिला रिक्षाने कशाला पाठवतेस? उद्यापासून आपली गाडी सोडेल शाळेत." मी "बरं" म्हणाले.

पुढे आठ महिने मी तिथेच काम केलं. नवीन बाई आल्या, त्या सही करून बटण दाबायच्या, आणि मी स्क्रीनकडे न बघता काहीतरी दुसरं करत बसायचे. त्या कधी कधी विचारायच्या, "हे एकदा बंद झालं की पक्कं ना?" मी हो म्हणायचे. फाइली अजूनही माझ्याच नावाने जन्माला येत होत्या.

एप्रिलमध्ये लेकीची परीक्षा संपली आणि नवऱ्याने धुळ्याला दोन खोल्या बघितल्या. निघताना मामी रडल्या. मामांनी स्वतः बॅग उचलून रिक्षात ठेवली, धुळ्याला उतरलो की फोन करायला बजावलं. मी वाकून त्यांच्या पाया पडले.